बाद केलेल्या पर्यायांची यादी : करिअर ठरवण्यापूर्वी स्वतःच्या समजुती कशा तपासाव्यात

दहावीचा निकाल लागला की घरोघरी ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो उशिरा येतो. कारण तोपर्यंत मुलाने किंवा मुलीने कितीतरी पर्याय मनातल्या मनात, कोणाशीही न बोलता, बाद करून टाकलेले असतात. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी अभ्यासक विदुषींनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ही काटछाट फार लवकर सुरू होते. साधारण सहा ते आठ या वयात मुले ‘हे बायकांचे काम, हे पुरुषांचे’ अशी विभागणी करतात, नऊ ते तेरा या वयात ‘हे आपल्या घराला शोभणारे नाही’ किंवा ‘हे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही’ असे ठरवतात, आणि स्वतःच्या आवडीचा विचार त्यानंतर, उरलेल्या पर्यायांपुरताच होतो. म्हणून सुरुवात आवडीपासून न करता बाद केलेल्या पर्यायांपासून करावी, असे माझे मत आहे.

एक साधी वही घ्यावी आणि ज्यांचा कधीतरी विचार मनात आला, पण ज्यांवर फुली मारली, असे सर्व व्यवसाय त्यात लिहावेत. प्रत्येकासमोर फुलीचे कारण लिहावे आणि ते जसे मनात येते त्याच शब्दांत लिहावे: ‘माझे गणित कच्चे आहे’, ‘मराठी माध्यमातल्यांचे तिथे काही चालत नाही’, ‘मुलींनी रात्रपाळ्या करू नयेत’. त्याच ओळीत हे वाक्य प्रथम कोणाकडून ऐकले तेही नोंदवावे. बहुतेकांना हा भाग अवघड जातो, पण तो गाळू नये. मामांनी एका लग्नात सहज काढलेले उद्गार आणि त्या क्षेत्रात वीस वर्षे काम केलेल्या माणसाने दिलेला सल्ला यांचे वजन सारखे नसते, आणि आपल्या मनात मात्र दोन्ही एकाच रकान्यात जमा झालेले असतात.

यानंतर प्रत्येक कारण ही प्रवेशाची लेखी अट आहे की नुसती समजूत आहे, याची छाननी करावी. त्यासाठी संबंधित अभ्यासक्रमाची किंवा परीक्षेची अधिकृत माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. शेजारच्या दादाला विचारून हे काम होत नाही. असे वाचले की चित्र बरेच बदलते. सनदी लेखापाल म्हणजे सी.ए. होण्यासाठीची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमालाही शाखेचे बंधन नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा जो अनिवार्य पेपर असतो त्यात उत्तीर्ण व्हावे लागते, पण त्याचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जात नाहीत. ‘कला शाखा म्हणजे उरलेल्यांची शाखा’ असे म्हणणाऱ्यांनी ही माहिती एकदा नजरेखालून घालावी.

काही वेळा समजूत नसून खरोखर नियमच आड येत असतो, आणि हा फरक प्रामाणिकपणे मान्य करावा. खडकवासल्याच्या त्याच प्रबोधिनीत २०२१ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांना परीक्षेला बसता आले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या तुकडीतील १७ मुली तेथून उत्तीर्ण झाल्या. याउलट सुरेखा यादव यांचे उदाहरण घ्यावे. सातारा जिल्ह्यातील या मुलीने कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८० च्या दशकात मध्य रेल्वेत सहायक चालकपदासाठी अर्ज केला. बाईने इंजिन चालवायचे नसते, हे सगळ्यांना ‘ठाऊक’ होते; ते नियमांत नव्हते, एवढेच. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी त्यांनीच आणली.

सर्वांत चिवट समजूत क्षमतेविषयीची असते, कारण तिच्यामागे गुणपत्रिकेचा आधार असल्यासारखे वाटते. समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की गणितात सारखेच गुण असतानाही मुलगे स्वतःची गणिती क्षमता मुलींपेक्षा अधिक समजतात, आणि पुढे गणिताकडे वळण्याच्या निर्णयावर या समजुतीचा परिणाम होतो. म्हणजे गुण एक गोष्ट सांगत असतात आणि आपण त्यांचा अर्थ दुसराच लावत असतो.

‘माझे गणित कच्चे आहे’ हे वाक्य इतके ढोबळ आहे की ते तपासताच येत नाही, म्हणून आधी ते बारीक करावे. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती यांचे प्रत्येकी ४० गुणांचे स्वतंत्र पेपर असतात. उत्तरपत्रिका किंवा सराव परीक्षांचे पेपर समोर ठेवून गुण नेमके कोठे गेले ते पाहावे: भूमितीच्या सिद्धतेत, त्रिकोणमितीत, आकडेमोडीच्या घाईत, की वेळ न पुरल्यामुळे? मग हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला यातले काय लागते ते पाहावे. सी.ए. फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. त्यात गुणोत्तर-प्रमाण, व्याज, पैशाचे कालमूल्य, सरासरी असे विषय आहेत, भूमितीतील सिद्धता नाहीत. सिद्धतेत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने या परीक्षेवर फुली मारली असेल, तर ती त्याने चुकीच्या पुराव्यावर मारली आहे. गुणोत्तर-प्रमाणाचे एक प्रकरण पंधरा दिवस नेटाने करावे, जुन्या प्रश्नपत्रिकेतील त्यावरचे प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो हे धरून स्वतःला गुण द्यावेत. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी आत्मक्षमतेच्या भावनेचे, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे, जे चार स्रोत सांगितले, त्यांत स्वतः काम जमवल्याचा अनुभव हा सर्वांत प्रभावी मानला आहे. ‘तुला येईल रे’ हा धीर त्यापुढे फिका पडतो. प्रयोगानंतरही गुण कमीच आले, तर फुली कायम ठेवावी. मात्र आता ती तपासून मारलेली असेल.

बांदुरांनी सांगितलेला दुसरा स्रोत म्हणजे आपल्यासारख्या माणसाला ते काम करताना पाहणे. येथे ‘आपल्यासारख्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टीव्हीवरील यशस्वी व्यक्तीपेक्षा आपल्याच तालुक्यातून, आपल्याच माध्यमातून गेलेला आणि त्या क्षेत्रात तीन-चार वर्षे झालेला माणूस शोधावा. त्याला ‘स्कोप आहे का?’ असे विचारू नये. कालच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय काय केले आणि सुरुवातीला कोठे अडले, हे विचारावे.

पालकांसाठी एक वेगळी सूचना. पैशाची अडचण ही समजूत नव्हे आणि मुलांसमोर ती ‘तुला झेपणार नाही’ अशा शब्दांत लपवू नये, कारण मूल त्यातून आपल्या बुद्धीबद्दलचा निष्कर्ष काढते. आकडा उघड सांगावा आणि मग तोही तपासावा. उदाहरणार्थ, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. महाविद्यालय, प्रवेशप्रक्रिया आणि इतर अटी शासन निर्णयात पाहाव्यात.

हे सर्व परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंतच्या सुट्टीत करावे, अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे. विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्याकडे नंतर वळता येते, उलट दिशेने जाणे फार कठीण असते; त्यामुळे गणित आणि विज्ञानाविषयीच्या फुल्या सर्वांत आधी तपासाव्यात. वाणिज्य शाखा घेणाऱ्याचा गणिताविषयीचा संभ्रम तोपर्यंत मिटला नसेल, तर त्याने अकरावीत गणित विषय ठेवावा, कारण दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमांना बारावीचे गणित लागतेच.