सिएटलच्या थंड पावसात सल्काटा कासव कसे सांभाळावे

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला सिएटलचा पाऊस प्रथम किरकोळ वाटतो, कारण वर्षाकाठी साधारण ९५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पाऊस इथे पडतो. मात्र मुंबईचा पाऊस उबदार असतो, तर इथली झिमझिम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गारठ्याच्या जोडीने चालते. सहाराच्या दक्षिण कडेला असलेल्या साहेल पट्ट्यातील सल्काटा या मोठ्या जमिनीवरच्या कासवाला ओल आणि थंडी ही जोडगोळीच मानवत नाही. शिवाय हे कासव शीतनिद्रा घेत नाही; ‘हिवाळाभर झोपून राहील’ या समजुतीने त्याला शेडमध्ये तसेच सोडून दिल्यास त्याच्या जिवावर बेतते.

म्हणून कासव आणण्याआधी त्याचे रात्रीचे घर बांधावे, आणि तेही पूर्ण वाढीचा हिशेब धरून. आज तळहातावर मावणारे पिल्लू पुढे ४०-५० किलोंचे, नर असल्यास त्याहूनही जड होऊ शकते. एका मोठ्या कासवासाठी सुमारे १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि जेमतेम ७० सेंटिमीटर उंच पेटी पुरते. छत मुद्दाम ठेंगणे ठेवावे, कारण ते उंच केले की ऊब वर जाऊन बसते आणि कासव खाली गारच राहते. भिंती, छत आणि जमीन या सर्वांना प्लायवूडचे दोन थर देऊन मध्ये ५ सेंटिमीटर जाडीचा फोम भरावा. जमिनीकडे दुर्लक्ष करू नये, कारण सर्वाधिक गारवा तिथूनच चढतो. दाराला एकमेकांवर येणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावाव्यात आणि पेटी शक्यतो शेडच्या आत, उंचवट्यावर ठेवावी.

ऊब देताना नेहमी होणारी चूक म्हणजे वर एकच प्रखर दिवा टांगणे. मोठ्या कासवाच्या पाठीचा उंचवटा त्या दिव्याने भाजतो आणि पाय व पोट मात्र थंडच राहतात. त्याऐवजी छताला उष्णता पसरवणारे पॅनेल आणि भक्कम लाकडी कठड्यामागे तेलाचा रेडिएटर (विजेवर तापणारा हीटर) ठेवावा, दोन्ही थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला जोडावेत आणि आतील तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे. सकाळी दार उघडल्यावर मी सर्वप्रथम हात कासवाच्या पोटाखाली सरकवतो. कवच कोमट लागले आणि बोटांना चिकटलेल्या गवताच्या काड्या चुरचुरीत असल्या, तर रात्र ठीक गेली असे समजतो. काड्या दमट लागल्या, तर अंथरलेले सगळे गवत त्याच दिवशी बदलतो. ओल्या गवताला बुरशी धरते, आणि तेच गवत कासव खातही असते.

बाहेर सोडण्याबाबत कडक राहावे. कोरडा, उन्हाचा आणि किमान १८ अंशांचा दिवस असेल तरच त्याला मोकळे सोडावे आणि ऊन कलण्याआधी आत घ्यावे, कारण गारठलेले कासव स्वतःहून परतत नाही, जिथे असेल तिथेच बसून राहते. अशा वेळी सपाट ढकलगाडी हाताशी असलेली बरी. चिखल टाळण्यासाठी खडीवर फरशा बसवाव्यात. पॉलिकार्बोनेटचे (पारदर्शक कडक प्लॅस्टिकचे) छप्पर पाऊस अडवते, पण त्यासोबत कवचाला आवश्यक असलेले उन्हातील यूव्हीबी (अतिनील) किरणही अडवते. त्यामुळे हिवाळ्यात आत यूव्हीबी ट्यूब लावणे अनिवार्य आहे.

आहाराचे थोडक्यात सांगायचे तर तो बहुतांशी गवत आणि वाळलेला चारा असावा, फळे देऊ नयेत. तापलेल्या कोरड्या हवेत शरीरातील पाणी कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात बसवावे आणि पूर्ण पुसून, सुकवूनच पेटीत सोडावे.

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पोटाच्या कवचावर मऊ, दुर्गंधीयुक्त डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. नोव्हेंबरच्या वादळांत इथे वीज जाते. त्याआधीच जनरेटर चालवून पाहावा, आणि तो नसेल तर कासवाला घरातील कोणत्या खोलीत हलवायचे हे ठरवून तिथल्या दारातून ढकलगाडी आत जाते का, ते मोजून घ्यावे.