हेल्मेट बेतताना: आधी जाडी, मग घनता, मग बाकीचं

हेल्मेटचं काम एकच आहे: डोक्याला थांबायला जरा जास्त अंतर मिळवून देणं. उघडं डोकं रस्त्यावर आपटलं तर ते जेमतेम काही मिलिमीटरमध्ये थांबतं. हेल्मेट असलं की तेच थांबणं वीसेक मिलिमीटरवर पसरतं आणि डोक्यावरचा जोर त्या मानाने कमी होतो. आकार, वजन, वारा, रंग हे सगळं नंतर पाहता येतं. पहिला आकडा या अंतराचा. तो चुकला तर महागातला महाग फोमही काही करू शकत नाही.

कोणता मार अडवायचा आहे?

कागदावर रेघ मारण्याआधी तीन गोष्टी नक्की करा: आदळण्याचा वेग किती, आदळणार कशावर, आणि असं किती वेळा होणार.

सायकलच्या हेल्मेटसाठी अमेरिकेच्या सीपीएससी (ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) मानकात ५ किलोचं धातूचं डोकं हेल्मेटसह सपाट पोलादी ऐरणीवर सेकंदाला ६.२ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे साधारण २ मीटर उंचीवरून. डोक्याचं त्वरण ३०० 'जी'च्या (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढं) पुढे गेलं की हेल्मेट नापास. युरोपच्या ईएन १०७८ मध्ये वेग ५.४२ मीटर आणि मर्यादा २५० जी आहे. या मर्यादा नापास होण्याच्या रेषा आहेत, रचनेचं लक्ष्य तिथे ठेवू नये. उत्पादनात घनता थोडीफार इकडेतिकडे होतेच, म्हणून कागदावर २०० जी धरून चालावं.

क्रिकेटचं गणित निराळं. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास असते. २ मीटरवरून पडणाऱ्या ५ किलोच्या डोक्याची ऊर्जा ९८ ज्यूल. आकडे जवळजवळ सारखे, पण संवेग (किलोतलं वजन × सेकंदाचा वेग) पाहा: चेंडूचा ६, डोक्याचा ३१. अख्खं डोकं भिरकावून देण्याइतका रेटा चेंडूत नसतो, तो सगळा जोर रुपयाएवढ्या जागेवर काढतो. म्हणून फलंदाजाच्या हेल्मेटला कडक कवच आणि चेहऱ्यापुढे मजबूत जाळी लागते, तर सायकलच्या हेल्मेटचा जीव फोममध्ये असतो. अमेरिकन फुटबॉल किंवा आइस हॉकीत एकाच सामन्यात वारंवार धडका बसतात. तिथे एकदाच चिरडणारा फोम कामाचा नाही.

जाडीचा हिशोब

सायकलचं उदाहरण पुढे नेऊ. हेल्मेट बाहेरून गोल असतं. ते सपाट जागेवर दाबलं जाताना टेकलेलं क्षेत्रफळ वाढत जातं आणि त्या प्रमाणात जोरही वाढतो. अशा चढत्या जोरासाठी सूत्र सोपं आहे:

थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग ÷ कमाल त्वरण

२ मीटरवरून वेग ६.२६, त्याचा वर्ग ३९.२. २०० जी म्हणजे १९६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. भागाकार ०.०२ मीटर, म्हणजे २० मिमी. पण फोम शून्यापर्यंत दाबला जात नाही. मूळ जाडीच्या ६५ ते ७० टक्के दबला की त्यातल्या हवेच्या पोकळ्या संपतात, तो एकदम कडक होतो आणि जोर आकाशाला भिडतो. याला तळ लागणं म्हणतात. २० ला ०.६५ ने भागा, ३१ मिमी येतात. चांगल्या सायकल हेल्मेटची जाडी तीस मिमीच्या आसपास का असते, ते इथे कळतं.

हेच गणित उलटं चालवलं की जाहिराती तपासता येतात. समजा एखादा पदार्थ अगदी आदर्श आहे, पहिल्या क्षणापासून एकसारखा जोर देतो आणि पूर्ण चपटा होतो. अशा पदार्थाचा १० मिमी थर त्याच २ मीटरच्या पडण्याला २०० जीपेक्षा खाली आणूच शकत नाही. त्यामुळे १० मिमीच्या टोपीत १०० जीचा दावा दिसला की चाचणी किती उंचीवरून केली, ते आधी विचारा.

घनता

जोर = ५ किलो × १९६२ = साधारण ९८०० न्यूटन. हेल्मेटच्या बाहेरच्या वक्रतेची त्रिज्या १२० मिमी धरली, तर २० मिमी दबल्यावर टेकलेलं क्षेत्रफळ २ × ३.१४ × १२० × २० म्हणजे सुमारे १५,००० चौरस मिमी. ९८०० ला १५,००० ने भागा: ०.६५ मेगापास्कल. फोमने साधारण इतक्या ताणाला दबायला सुरुवात करायला हवी. थर्माकोलमध्ये, म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये, हा ताण घनमीटरला ६५ ते ७५ किलो घनतेला मिळतो. सुरुवातीचा नमुना ७० चा करा, पुढचं चाचणी सांगेल.

लहान मुलांच्या हेल्मेटमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात. प्रौढांचा साचा छोटा केला, फोम तोच ठेवला, झालं हेल्मेट! पण डोकं ५ ऐवजी ३.१ किलोचं आणि त्रिज्या १०५ मिमीची झाली की त्याच फोमवर २०० जीचे सुमारे २४० जी होतात. हलक्या डोक्याला तो फोम दाबताच येत नाही. फोम मऊ घ्यायला हवा, वरच्या हिशोबाने ०.४५ मेगापास्कलच्या आसपास. आणि जाडी? तिच्या सूत्रात वजन कुठेच नाही. डोकं छोटं असलं तरी ३० मिमी ते ३० मिमीच. मुलांचं हेल्मेट म्हणूनच डोक्याच्या मानाने मोठं दिसतं. ते 'नाजूक' दिसावं म्हणून जाडी छाटू नका.

वाऱ्याची भोकं पाडली की टेकणारं क्षेत्रफळ घटतं. उरलेल्या फासळ्यांची घनता त्या प्रमाणात वाढवावी लागते आणि घनता वाढली की फासळ्या ठिसूळ होऊन मोडू शकतात. त्यामुळे मोठ्या भोकांच्या हेल्मेटमध्ये फोमच्या आत नायलॉनचा सांगाडा घालतात. पहिल्याच नमुन्यात वीस भोकं काढायचा मोह टाळावा.

पदार्थ कोणता

थर्माकोल हलका, स्वस्त, ऊर्जा शोषण्यात उत्तम, आणि उष्णता-थंडीत फारसा बदलत नाही. पण एकदा चिरडला की संपला. वरून कवच धड दिसत असलं तरी आतला दबलेला भाग परत उठत नाही. फुगवलेलं पॉलिप्रोपिलीन दबून बरंचसं परत येतं, म्हणून अनेक मार झेलायच्या हेल्मेटात ते चालतं. बदल्यात ते उसळी देतं आणि तितक्याच संरक्षणासाठी थोडी जास्त जाडी मागतं. व्हिनाइल नायट्राइल फोमही पुन्हा पुन्हा वापरता येतो, फक्त थंडीत तो कडक होतो. बर्फावरच्या खेळासाठी तो निवडला तर थंड करून चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कवचाची कामं तीन: टोकदार वस्तू आत शिरू न देणं, जोर पसरवणं आणि रस्त्यावर घसरत जाणं. सायकलसाठी १ मिमीच्या आतलं पॉलिकार्बोनेट फोमबरोबर साच्यातच जोडलेलं पुरतं. स्केटिंगसारख्या दणकट वापराला २ ते ३ मिमीचं एबीएस नावाचं कडक प्लास्टिक. बाहेरचा आकार गोल आणि गुळगुळीत ठेवा. मागे काढलेली धारदार शेपटी किंवा कॅमेऱ्याचा पक्का स्टँड रस्त्याला अडकतो आणि मान पिरगळते. असं काही लावायचंच असेल तर ते झटक्याने तुटून पडेल असं लावा.

तिरका मार

खऱ्या पडण्यात डोकं सरळ खाली क्वचितच येतं. ते तिरकं आदळतं आणि गर्रकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू मागे राहतो, मधल्या शिरा आणि मेंदूतले तंतू ताणले जातात. यासाठी फोमच्या आतून कमी घर्षणाचा पातळ थर लवचीक बिंदूंवर टांगतात. मार बसला की हेल्मेट डोक्यावर सगळ्या दिशांना १० ते १५ मिमी सरकतं. चाचणीत ऐरण ४५ अंशांत तिरकी ठेवून तिच्यावर सॅंडपेपर चिकटवतात आणि डोक्याचा फिरण्याचा वेग मोजतात.

ही योजना फसते ती जुळणीत. आतल्या गाद्यांचं वेल्क्रो सरकत्या थराच्या भोकातून थेट फोमला चिकटवलेलं असतं, नाहीतर मागच्या घट्ट करायच्या चकतीचा हात कवचाला पक्का केलेला असतो. थर आहे, पण जागचा हलत नाही. प्रत्येक नमुना हातात धरून आतला थर बोटांनी फिरवून बघा.

साच्यातल्या चुका

थर्माकोलच्या कच्च्या मण्यांत पेंटेन असतं. वाफेने ते फुगतात. घन पॉलिस्टायरीनची घनता १०५०, म्हणजे ७० साठी आकारमान १५ पट व्हायला हवं. अंतिम घनता या टप्प्यावर ठरते, साच्यात नाही. फुगवलेले मणी लगेच साच्यात भरू नका. आत हवा शिरायला काही तास द्या, नाहीतर तुकडा थंड होताना आकसतो.

साच्यातून निघालेला एक तुकडा मोडून तुटलेली बाजू उजेडात धरा. भेग मण्यांच्या आरपार गेली असेल तर जोड पक्का आहे. मणी गोलच्या गोल सुटे होऊन आले, चिमटीत धरून उपटता आले, तर वाफ कमी पडली. असं हेल्मेट मार बसताच फुटतं. उलट वाफ जास्त झाली की पृष्ठभाग वितळून चकचकीत होतो आणि भाग आखडतो. प्रत्येक नगाचं वजन करणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. जड नग थोडे जास्त जी देतात, हलके नग तळाला लागतात. दोन्हींत हलका जास्त घातक. थर्माकोलला ॲसिटोन, पेट्रोल, थिनरवाला रंग लागू देऊ नका, तो विरघळतो. पॉलिकार्बोनेटलाही असे द्रव तडे पाडतात.

आपटून पाहणं

१. जमिनीला पक्क्या केलेल्या जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर पोलादी ऐरण बसवा. ठोकळा हलला तर जी खोटे कमी दिसतात.

२. धातूचं डोकं दोन तारांवर किंवा रुळावर खाली येऊ द्या. डोक्याच्या गुरुत्वमध्याशी निदान ५०० जी मोजणारा त्वरणमापक घट्ट बसवा. नोंद सेकंदाला १०,००० वेळा तरी व्हावी, कारण शिखर ५ मिलिसेकंदांत येऊन जातं.

३. उंचीवर भरवसा ठेवू नका, रुळाच्या घर्षणात वेग जातो. आदळण्याच्या अगदी आधी प्रकाशद्वाराने (प्रकाशझोत अडला की वेळ नोंदणाऱ्या साधनाने) वेग मोजा.

४. पट्टा बांधून हेल्मेट डोक्यावर बसवा आणि सपाट, अर्धगोल व रस्त्याच्या कडेसारख्या ऐरणीवर टाका. दरवेळी नवी जागा.

५. वेगवेगळे नग ५० अंशांत तापवून, उणे १५ अंशांत गार करून आणि पाण्यात काही तास भिजवून हेच करा.

आलेख नीट वाचा. निरोगी आलेख तिरका चढतो आणि गोल माथ्याने उतरतो. चढाच्या शेवटी अचानक सुईसारखं टोक दिसलं तर तळ लागला: घनता किंवा जाडी वाढवा. माथा गोल आहे पण उंच आहे आणि फोम अर्धाही दबलेला नाही, तर फोम फार कडक: घनता उतरवा. मधेच खाच पडली तर काहीतरी तुटलं. सगळ्या रेषेवर बारीक थरथर असेल तर हेल्मेटचा दोष शोधण्याआधी त्वरणमापकाचा स्क्रू आवळा.

पट्ट्यासाठी वेगळी चाचणी आहे. ४ किलो वजन ६० सेंमीवरून पट्ट्याला झटका देईल असं सोडा. सीपीएससीनुसार पट्टा ३० मिमीपेक्षा जास्त लांबता कामा नये. मग तसाच झटका हेल्मेटच्या मागच्या कडेला द्या, ते डोक्यावरून निघता कामा नये. निघत असेल तर बहुधा मागच्या पट्ट्याचा बिंदू फार पुढे घेतलेला असतो.

जाळी, मान आणि पाय

क्रिकेटच्या चेंडूचा व्यास ७२ मिमीच्या आसपास. टोपीची कड आणि जाळी यांतली फट ६८ ठेवली तरी चेंडू आत घुसू शकतो, कारण मार बसताना चेंडू दबतो आणि जाळी वाकते. फट बरीच कमी ठेवा, आणि लहान मुलांचा चेंडू आणखी छोटा असतो हे विसरू नका. बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात चेंडू थेट या फटीवर मारून पाहतात. चेंडू किंवा जाळी चेहऱ्याला टेकली की नापास. २०१४ साली ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज हेल्मेटखाली मानेवर चेंडू लागून मरण पावला. त्यानंतर मागच्या कडेला मानेचं संरक्षक लावण्याचं प्रमाण वाढलं. ते मऊ आणि लवचीक हवं. कडक पट्टी मान मागे वळवताना टोचते आणि खेळाडू ती काढून टाकतात.

नडगीच्या गार्डमध्ये जी मोजत नाहीत, हाडापर्यंत पोहोचणारा जोर मोजतात. कवच नडगीच्या धारेवर टेकवू नका. ते धारेवरून कमानीसारखं जाऊन दोन्ही बाजूंच्या मऊ भागावर उतरावं आणि धारेखाली काही मिलिमीटर मोकळे राहावेत. गुडघा-कोपरासाठी जोराने कडक होणारे मऊ पॅड सोयीचे, एरवी ते सांध्याबरोबर वळतात. मोटारसायकलस्वारांच्या पॅडसाठीच्या ईएन १६२१-१ मध्ये ५० ज्यूलचा ठोका देतात. पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे गेलेला चालतो, दुसऱ्या पातळीला २० पर्यंत. पॅडवर आरपार शिवण घालू नका. शिवणीखाली फोम आधीच चेपलेला असतो आणि ठोका नेमका तिथे आरपार जातो.

घरी किंवा कार्यशाळेत केलेला नमुना, त्याचे आलेख कितीही छान आले तरी, प्रमाणित प्रयोगशाळेतून पास होईपर्यंत कोणाच्याही डोक्यावर घालून मैदानात पाठवू नका. आणि आपटलेले नग चाचणीनंतर लगेच कापून ठेवा. एक तर दबलेल्या भागाची जाडी मोजता येते, आणि ते चुकून कोणी वापरायला नेत नाही.