तळावर शिंपल्यांचे बीज सोडताना या चुका टाळा

समुद्राच्या तळावर दुप्पट बीज, म्हणजे वाढवण्यासाठी सोडायचे लहान शिंपले, टाकले की भक्षकांनी खाऊनही दुप्पट उरेल, हा हिशेब सर्वांत महागात पडतो. एकट्या खेकड्याच्या किंवा तारामाशाच्या खाण्याला मर्यादा असते हे खरे आहे, कारण प्रत्येक शिंपला उघडण्यात, खाण्यात आणि पचवण्यात वेळ जातो. त्यामुळे घनता कितीही वाढली तरी त्याचे खाणे एका टप्प्यावर स्थिरावते. परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९५९ मध्ये भक्षक आणि भक्ष्याच्या घनतेतील या संबंधाचे तीन प्रकार मांडले. मात्र खाणाऱ्याचे पोट ठरलेले असले, तरी खाणाऱ्यांची संख्या ठरलेली नसते. दाट पेरलेल्या जागेकडे आजूबाजूचे तारामासे वासाच्या मागावर सरकत येतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. म्हणून पेरणीनंतर एकदाच पाहणी करून नुकसानीचा अंदाज बांधू नये. पहिल्या काही आठवड्यांत शिंपले आणि भक्षक दोन्ही पुन्हापुन्हा मोजावेत.

मोजतानाही संपूर्ण जागेची सरासरी काढून समाधान मानणे चुकीचे आहे. शिंपले धाग्यांनी एकमेकांना चिकटून पुंजके करतात, आणि पुंजक्याच्या आतील शिंपल्यापेक्षा कडेचा शिंपला भक्षकाच्या हाती सहज लागतो. सरासरी तीच असली तरी सुट्या विखुरलेल्या बिजाचे आणि पुंजक्यांचे भवितव्य सारखे नसते.

दोषी कोण हे न पाहता उपाय करणे ही आणखी एक चूक. त्यासाठी मूठभर रिकाम्या शिंपा उचलून पाहाव्यात. कडा फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या असतील तर संशय खेकड्यावर जातो. नेमके गोल छिद्र असेल तर ते शिंपला पोखरणाऱ्या गोगलगायीचे काम असते. दोन्ही झडपा अखंड आणि अजून जोडलेल्या, पण आत काहीच नाही, असे दिसल्यास बहुधा तारामाशाने त्या ओढून फटीतून आपले जठर आत सोडलेले असते. खेकडे लहान, पातळ कवचाचे बीज सहज फोडतात, त्यामुळे त्यांच्या जागेत थोडे वाढलेले बीज सोडणे किंवा वर जाळी अंथरणे उपयोगी पडते.

पकडलेले तारामासे कापून पुन्हा पाण्यात टाकणे तर टाळावेच: शरीराच्या मधल्या तबकडीचा पुरेसा भाग शिल्लक असल्यास ते तुकडे पुन्हा वाढतात. दोरावर शिंपले वाढवणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये, कारण दोरावरून गळून पडलेले शिंपले खालच्या तळावर साचून भक्षकांना तिथे गोळा करतात.