पार जनुकं शिकताय? आधी आईचा जीनोटाइप लिहा

नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये सी. एलिगन्स, म्हणजे लॅबमध्ये वाढवतात तो बारीक कृमी, म्हटलं की क्लासवाले व्हल्व्हा (त्याचं अंडी बाहेर टाकायचं अंग) शिकवून मोकळे होतात, कारण अभ्यासक्रमात तेच छापलंय. पण पुण्या-मुंबईच्या एखाद्या लॅबमध्ये मुलाखतीला गेलात की समोर एकपेशीय गर्भ येतो आणि नांदेड-परभणीकडून गेलेल्या आपल्यासारख्यांची तारांबळ उडते. माझीही उडाली होती.

पार जनुकं म्हणजे या गर्भाची पुढची-मागची बाजू वेगळी करणारी जनुकं. मूळ चित्र तुम्हाला ठाऊक असेलच. शुक्राणूबरोबर आलेला सेंट्रोसोम (पेशी विभागणारे धागे जिथून निघतात तो ठिपका) जिकडे, ते गर्भाचं मागचं टोक. तिथलं अ‍ॅक्टिन-मायोसिनचं जाळं सैल पडतं, प्रवाह पुढच्या टोकाकडे जातो आणि पार-३, पार-६, पीकेसी-३ ही प्रथिनं त्याच्यासोबत सरकतात. मागे पार-१ आणि पार-२ बसतात. मग पुढची एबी पेशी मोठी, मागची पी१ लहान, आणि एबी दोनेक मिनिटं आधी विभागते. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते मेंडेलपाशी. केम्फ्यूस, प्रीस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली ही जनुकं मांडली ती 'आईच्या जीनोटाइपमुळे, म्हणजे तिच्याकडच्या जनुकांच्या प्रतींमुळे, गर्भ मरतो' अशा म्युटंटांतून, म्हणजे जनुक बिघडलेल्या कृमींतून. समजा, पार-२ ची एक प्रत बिघडलेला उभयलिंगी कृमी स्वफलनाने अंडी घालतोय. पाव पिल्लांत दोन्ही प्रती बिघडलेल्या. हात आपोआप लिहितो, २५ टक्के गर्भ मरतील. चूक, एकही मरत नाही. पहिल्या विभाजनांना लागणारा माल आईने अंड्यातच भरलेला असतो आणि तिच्याकडे एक चांगली प्रत आहे. घरून बांधून दिलेल्या शिदोरीवर लेकरू पहिला मुक्काम गाठतं, तसं. दोन्ही प्रती बिघडलेलं ते पिल्लू धडधाकट वाढतं, अंडीही घालतं. ती अंडी मात्र उबत नाहीत, कारण आता भरायलाच काही नाही. त्याला चांगल्या नराशी जुळवलं तरी फरक नाही. बापाची प्रत कामाला लागेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. म्हणजे पार-२/+ (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) हाच गर्भ एका आईचा असला तर जगतो, दुसरीचा असला तर मरतो. पुन्हा सांगतो, कारण मला हे एकदा ऐकून कळलं नव्हतं: गर्भ मेला की वहीत आधी आईचा जीनोटाइप, मग गर्भाचा.

लातूर पॅटर्नवर माझा राग नाही, बारावीला त्यानेच तारलं. पण ३:१ दिसलं की पर्याय ठोकायची सवय इथं गोत्यात आणते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पार जनुकांची कोष्टकं तर पाठ करूच नका. कागदावर दोन पेशी काढा. पार-२ बिघडला तर दोन्ही पेशी जवळपास सारख्या, दोन्हींचे स्पिंडल (पेशी विभागणाऱ्या धाग्यांची चाती) गर्भाच्या लांबीला आडवे, एबीसारखे. पार-३ बिघडला तर दोन्हींचे लांबीच्या दिशेने, पी१सारखे. दोन्ही बिघडले तर? पार-३ सारखेच. पी१ मध्ये पार-२ चं काम पार-३ ला बाहेर ठेवण्याचं. पार-३ च नसेल तर बाहेर ठेवायचं कुणाला? हे एकदा स्वतः काढलं की मुलाखतीत कुणी हलवू शकत नाही.

हातकामाची भीती बाळगू नका. एम-९ या खारट द्रावणाच्या थेंबात कृमी सुईने मधोमध कापायचा, ५० मायक्रोमीटरचं अंडं उचलून २ टक्के अ‍ॅगरोजच्या पातळ थरावर ठेवायचं. सुरुवातीला सगळ्यांचीच अंडी हरवतात. हरवलेली शोधायला शेजारी बसणारा सीनिअर मिळाला, तर मोठ्या नावाच्या लॅबपेक्षा तीच लॅब धरा.

सुट्टीत गावाकडच्या कॉलेजात कृमी वाढवायचा उत्साह येतो. येऊ द्या, कृमींचं खाणं असलेल्या ई. कोलाय जिवाणूंची प्लेट काही महाग नाही. पण कृमींना २० अंश मानवतात. २५ च्या वर गेलं की साधे कृमीही नीट अंडी घालत नाहीत, आणि तापमानाला हळवे म्युटंट तर १५ वरच सांभाळावे लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज जाते. डिसेंबरात करा.