आंदालुसियातील शेवटचे चार दिवस: मित्रांसोबत कसे फिरावे

स्पेनची सहल संपत आली की बॅगा जड झालेल्या असतात, पाय बोलू लागलेले असतात आणि सहा मित्रांची सहा मते झालेली असतात. अशा वेळी दक्षिणेकडील आंदालुसियासाठी चार दिवस हाताशी असतील, तर सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा आणि मालागा या क्रमाने जावे आणि परतीचे विमान मालागाहून धरावे. या मार्गात कुठेही मागे फिरावे लागत नाही. सेव्हिलहून कोर्दोबा जलद रेल्वेने पाऊण तासावर आहे आणि ग्रानादाहून मालागाला बसने सुमारे दोन तासांत पोहोचता येते.

मात्र आखणीची सुरुवात सेव्हिलपासून नव्हे, तर ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या टेकडीवरील राजवाडे-किल्ल्याच्या परिसरापासून करावी. आधी त्याचे तिकीट काढावे, हॉटेल आणि रेल्वेचे आरक्षण त्यानंतर. तेथील नासरी या मुस्लिम राजघराण्याच्या राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. उरलेला परिसर, म्हणजे अल्काथाबा हा किल्ला आणि खेनेरालिफेच्या बागा, त्याच दिवशी आगेमागे पाहता येतात. मुख्य प्रवेशद्वारापासून या राजवाड्यांपर्यंत चालत किमान पंधरा-वीस मिनिटे लागतात, हे गृहीत धरूनच निघावे. तिकीट प्रत्येकाच्या नावाचे असते, म्हणून मूळ पासपोर्ट खिशात हवाच. आमच्यातील एकाने तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवला होता आणि त्यासाठी आम्हा सर्वांना टेकडी उतरून पुन्हा चढावी लागली.

आत गेल्यावर घाई करू नये. चौदाव्या शतकात पाचव्या मुहम्मदाच्या काळात बांधलेल्या सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंजे आहे, आणि त्यातून निघालेले पाण्याचे चिंचोळे पाट थेट दालनांच्या आत पोहोचतात. हे पाणी दार्रो नदीच्या वरच्या अंगाला वळवून, केवळ उताराच्या बळावर टेकडीवर आणलेले होते. भिंतींवर 'अल्लाहवाचून कोणी विजेता नाही' हे नासरी घराण्याचे ब्रीद अरबी लिपीत पुन्हा पुन्हा कोरलेले दिसते. याच घराण्याने 2 जानेवारी 1492 रोजी शहर इसाबेला आणि फर्डिनांड या कॅथलिक राणी-राजाच्या स्वाधीन केले, हे मनात ठेवून ती अक्षरे पाहिली की मन गलबलते. संध्याकाळी समोरच्या अल्बायसिन वस्तीतील सान निकोलासच्या सज्जावर जावे. तेथून संपूर्ण अल्हाम्ब्रा आणि मागचा सिएरा नेवाडा पर्वत एका नजरेत येतो.

कोर्दोबासाठी एक संपूर्ण सकाळ द्यावी. तेथील मेस्कीता या मशिदीचे बांधकाम आठव्या शतकात पहिल्या अब्द अल-रहमानने सुरू केले आणि सोळाव्या शतकात तिच्या ऐन मध्यावर कॅथेड्रल उभे राहिले. आतील 850 हून अधिक खांबांपैकी अनेक जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राज्यकर्त्यांच्या इमारतींतून आणलेले होते. ते छतासाठी आखूड पडत, म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवली. लाल वीट आणि फिकट दगड आलटून पालटून बसवलेल्या त्या दुहेरी कमानी पाहताना एखादा खांब निवडून त्याच्या तळाशी आणि माथ्याशी नीट पाहावे. शेजारच्या खांबाचा दगड, रंग आणि नक्षी वेगळी निघते.

सेव्हिलमध्ये दमलेल्या मंडळींनी कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा टाळू नये, कारण तेथे जवळजवळ वरपर्यंत पायऱ्यांऐवजी चढता उतार आहे. अल्काथार या राजवाड्याचे तिकीट मात्र आधीच काढावे. जुलै-ऑगस्टमध्ये या दोन्ही शहरांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी दोन ते सहा हा वेळ जेवण आणि विश्रांतीसाठीच राखावा.

जेवणाबाबत शाकाहारी मित्रांची काळजी आधीपासून घ्यावी. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण हॅम आणि टूना यांची गणना तेथे अनेकदा मांसात होत नाही. 'सिन हामोन, सिन अतून' (हॅम नको, टूना नको) असे नाव घेऊन सांगावे. कोर्दोबाचे साल्मोरेखो हे टोमॅटोचे थंड, दाट सार मागवतानाही हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर हॅमचे तुकडे आणि उकडलेले अंडे भुरभुरतात. सेव्हिलची पालक-छोल्यांची भाजी जिऱ्यामुळे ओळखीची वाटते. वांग्याच्या तळलेल्या कापांवर तर चक्क उसाची काकवी घालतात, ती एकदा तरी चाखावीच.

सहा जणांनी चारही दिवस एकत्र फिरण्याचा आग्रह धरू नये. सकाळचे मुख्य ठिकाण सर्वांनी मिळून पाहावे, दुपारनंतर ज्याला जे हवे ते करू द्यावे आणि रात्री नऊच्या जेवणाला पुन्हा भेटावे. खर्चासाठी एकाकडे सामाईक पैसे जमा ठेवावेत, खरेदी मात्र ज्याची त्याने करावी. हिशेब शेवटच्या रात्री मालागातच मिटवावा, विमानतळावरच्या धावपळीत तो करू नये.

मालागात पिकासोचे संग्रहालय आणि रोमन रंगमंच एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत, तेवढे पुरे. खरेदी करताना पासपोर्ट दाखवून दुकानदाराकडून करपरताव्याचा अर्ज मागून घ्यावा. विमान थेट युरोपीय संघाबाहेर जाणार असेल, तर विमानतळावरील 'दिवा' यंत्रावर तो अर्ज बॅगा सोपवण्यापूर्वीच प्रमाणित करावा. वस्तू दाखवण्यास सांगू शकतात, म्हणून त्या बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात.