जपानी गायक-गीतकारांचे संगीत कसे ऐकावे

जपानी संगीताशी आज बहुतेकांची ओळख ॲनिमेच्या शीर्षकगीतांतून होते, किंवा यूट्यूबने आपणहून पुढे केलेल्या एखाद्या जुन्या गाण्यातून. तिथून पुढे कुठे जायचे हे मात्र कळत नाही, आणि म्हणून पुष्कळ श्रोते चार-पाच गाण्यांवरच थांबतात. ज्यांना त्यापलीकडे जायचे आहे त्यांना माझे सांगणे एकच आहे: गाण्याची शैली कोणती हे विचारण्याआधी ते लिहिले कोणी, चाल कोणी लावली आणि गायले कोणी, हे पाहावे. ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने करणे जपानमध्ये साठच्या दशकापर्यंत दुर्मीळ होते आणि सत्तरच्या दशकात ते रूढ झाले. हा बदल कानाने ओळखता आला, की बाकीचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

आकाशवाणीवर भावगीतापूर्वी गीत, संगीत आणि स्वर अशी नावे ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे अवघड जाऊ नये. जपानी ध्वनिमुद्रिकांवरही अशीच नोंद असते: साकुशी म्हणजे शब्द, साक्क्योकु म्हणजे चाल आणि हेनक्योकु म्हणजे वाद्यसंयोजन. पहिल्या दोन ठिकाणी गायकाचेच नाव असेल, तर आपण योग्य जागी आहोत. तिसरे नावही टिपून ठेवावे, कारण अनेकदा गाण्याचा पोत त्या माणसाने ठरवलेला असतो.

सुरुवात 1973 पासून करावी. त्या वर्षी अराई युमी या एकोणीस वर्षांच्या मुलीचा ‘हिकोकी-गुमो’ हा पहिला अल्बम आला. टोकियोच्या पश्चिमेकडील हाचिओजी गावातल्या किमोनो-व्यापाऱ्याची ही मुलगी. तिचे शीर्षकगीत अकाली मरण पावलेल्या एका कोवळ्या जिवाबद्दल आहे, आणि तरी त्यात हुंदका नाही; आवाज सरळ, जवळजवळ कंपाशिवाय लागतो आणि विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेकडे पाहत राहतो. हेच गाणे चाळीस वर्षांनी, 2013 मध्ये, ॲनिमे-दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांच्या ‘काझे ताचिनु’ या चित्रपटात वाजले, तर तिची आणखी दोन जुनी गाणी 1989 च्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये आहेत, त्यामुळे अनेकांनी तिला नाव न कळताच ऐकलेले असते. अल्बम सुटासुटा ऐकू नये. एकदा सलग लावावा, आणि दुसऱ्यांदा ऐकताना गायिकेकडे दुर्लक्ष करून फक्त साथ ऐकावी. बेसवर होसोनो हारुओमी, गिटारवर सुझुकी शिगेरु, ड्रम्सवर हायाशी तात्सुओ आणि कळफलकावर मात्सुतोया मासाताका, असा ‘कॅरामेल मामा’ नावाचा हा चमू होता. त्यांतल्या मासाताकांशी अराई यांनी 1976 मध्ये लग्न केले आणि पुढे त्या मात्सुतोया युमी या नावाने गाऊ लागल्या.

युमी यांच्या लेखनाची ताकद समजून घ्यायची असेल, तर 1976 चे ‘चुओ फ्रीवे’ लावावे आणि शेजारी टोकियोचा नकाशा उघडून ठेवावा. संध्याकाळी मोटारीतून पश्चिमेकडे निघालेल्या दोघांचे हे गाणे आहे. त्यात उजव्या हाताला घोड्यांच्या शर्यतीचे मैदान दिसते आणि डाव्या हाताला बिअरचा कारखाना. फुचू भागातून जाणाऱ्या त्या द्रुतगती मार्गालगत ही दोन्ही ठिकाणे खरोखरच आहेत. प्रेमगीतात बिअरच्या कारखान्याला जागा मिळते, ती गीतकार स्वतः त्या रस्त्याने गेलेली असते म्हणून. कंपनीच्या कचेरीत बसून पाच गायकांसाठी गाणी लिहिणाऱ्या गीतकाराला हा तपशील सुचणे कठीण होते.

यानंतर मागे जावे. मागचे आधी ऐकले तर ते पाठ्यपुस्तकासारखे वाटते. युमी ऐकून मग गेल्यास ती एवढी नवी का वाटली हे समजते. युद्धोत्तर काळात जपानच्या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या गीतकार आणि संगीतकार कराराने बांधून ठेवत आणि गायकाला तयार गाणे हाती मिळे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेला तडे गेले. यामाहाच्या एफजी मालिकेतील गिटारी 1966 पासून बाजारात आल्या आणि विद्यार्थ्यांना परवडू लागल्या. 1967 मध्ये ‘ऑल नाइट निप्पॉन’सारखे मध्यरात्रीचे रेडिओ कार्यक्रम सुरू झाले, आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी जागणाऱ्या मुलांपर्यंत दूरचित्रवाणीवर न येणारी गाणी पोहोचू लागली. त्याच वर्षी क्योतोच्या ‘फोक क्रूसेडर्स’ या विद्यार्थी गटाने स्वखर्चाने काढलेल्या तबकडीतले एक गाणे रेडिओमुळे एवढे गाजले, की मोठ्या कंपनीने ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

या टप्प्यावर दोन गाणी पुरेशी आहेत, मात्र ती एकापाठोपाठ एक ऐकावीत. पहिले ओकाबायाशी नोबुयासु यांचे 1968 चे ‘सान्या ब्लूज’. टोकियोच्या सान्या वस्तीत रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरांचे हे गाणे त्या काळच्या प्रतिकाराच्या फोक संगीताचा आत्मा आहे. 1969 मध्ये शिंजुकू स्थानकाच्या पश्चिम दाराबाहेर तरुण गिटारी घेऊन जमत आणि हजारो लोक त्यांच्यासोबत गात. पोलिसांनी ते बंद पाडले, आणि लोकांना थांबण्याचे कारणच उरू नये म्हणून तिथल्या फलकांवर ‘चौक’ पुसून ‘मार्ग’ असे लिहिण्यात आले.

दुसरे गाणे इनोउए योसुई यांचे 1972 चे ‘कासा गा नाई’. गाण्यातला तरुण म्हणतो, की शहरांत तरुणांच्या आत्महत्या वाढल्याचे वर्तमानपत्रात छापून आले आहे, दूरचित्रवाणीवर कोणीतरी देशाच्या भवितव्यावर गंभीरपणे बोलत आहे. पण मला आज तिला भेटायला जायचे आहे, बाहेर पाऊस आहे आणि माझ्याकडे छत्री नाही. विद्यार्थी चळवळ ओसरल्यानंतरच्या पिढीचे मन इतक्या थोडक्यात कोणत्याही निबंधाने सांगितलेले माझ्या पाहण्यात नाही. काहींनी यात स्वार्थ पाहिला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, आणि ‘मी’ असे म्हणणारे गाणे इथूनच मुख्य प्रवाहात आले असे मी मानतो. योसुई यांचा 1973 अखेरचा ‘कोओरी नो सेकाई’ हा दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा जपानमधला पहिला एलपी ठरला. गायक-गीतकारांच्या हाती बाजार आला, आणि 1975 मध्ये योसुई, योशिदा ताकुरो, इझुमिया शिगेरु आणि कोमुरो हितोशी या चौघांनी ‘फॉर लाइफ’ ही स्वतःची कंपनीच काढली.

जपानी भाषेत रॉक गाता येतो का, हा वादही याच सुमाराचा. ‘हॅप्पी एंड’ या चौकडीचा 1971 चा ‘काझेमाची रोमान’ हा अल्बम त्याचे उत्तर आहे. तो ऐकाच, होसोनो आणि सुझुकी तिथेही भेटतील.

आता नाकाजिमा मियुकी. घाई करू नये अशी ही जागा आहे. साप्पोरोत जन्मलेल्या नाकाजिमा यांनी 1975 मध्ये यामाहाच्या ‘पॉपकॉन’ या गीतस्पर्धेत ‘जिदाई’ हे गाणे गाऊन सर्वोच्च पारितोषिक मिळवले आणि त्याच वर्षी टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेल्या जागतिक गीतमहोत्सवातही तेच गाणे जिंकले. अशा स्पर्धांनी टोकियोबाहेरच्या, ओळखपाळख नसलेल्या मुलामुलींना दार उघडून दिले, हे या संगीताच्या वाढीचे एक मोठे कारण आहे. युमी शहराचे दृश्य रंगवतात, तर नाकाजिमा पात्र उभे करतात. 1981 चे ‘आकुजो’ दोनदा ऐकावे: आधी एकल तबकडीवरचे आणि मग पुढच्या वर्षीच्या ‘कान्सुइग्यो’ या अल्बममधले. प्रियकराने आपल्याला सोडून मोकळे व्हावे म्हणून आपण दुसऱ्याबरोबर मजेत असल्याचे सोंग करणारी स्त्री दोन्हींत आहे. पहिल्या रूपात चाल हसरी, चालता ठेका, म्हणजे सोंग यशस्वी झालेले. दुसऱ्यात तेच शब्द जड, संथ साथीवर येतात आणि सोंगाची किंमत कळते. शब्द, चाल आणि गळा एकाच व्यक्तीचा असला, की आपल्याच गाण्याचा असा दुसरा अर्थ लावता येतो. पुढे 2000 साली एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘प्रोजेक्ट एक्स’ या मालिकेसाठी त्यांनी ‘चिजो नो होशी’ लिहिले. प्रसिद्धी न मिळालेल्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे हे गाणे त्या 2002 च्या वर्षअखेरीस कुरोबे धरणाच्या बोगद्यातून थेट प्रक्षेपणात गायल्या आणि जानेवारी 2003 मध्ये, खपाच्या यादीत आल्यापासून 130 व्या आठवड्यात, ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

ऐंशीच्या दशकातील ‘सिटी पॉप’वर, म्हणजे शहरी, गुळगुळीत पॉप संगीतावर, फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण ते इंटरनेट तुमच्यापर्यंत आणून देतेच. ताकेउची मारिया यांचे 1984 चे ‘प्लास्टिक लव्ह’ ऐकताना एवढेच लक्षात ठेवावे, की शब्द आणि चाल त्यांची असून वाद्यसंयोजन त्यांचे पती यामाशिता तात्सुरो यांचे आहे. ओझाकी युताका मात्र वगळू नयेत. शाळेच्या शिस्तीविरुद्ध पेटून लिहिणारा हा तरुण 1983 मध्ये अठराव्या वर्षी आला आणि 1992 मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला.

उताडा हिकारू यांचे डिसेंबर 1998 चे ‘ऑटोमॅटिक’ लिहिले आणि गायले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच ओळीत सातव्या घंटेला फोन उचलल्याचा उल्लेख आहे. तिथे ‘सात’ या शब्दाचे पहिले अक्षर एकटेच सोडून उताडा श्वासाएवढी जागा ठेवतात आणि उरलेला शब्द पुढच्या ओघात टाकतात. जपानी गाण्यात सहसा एकेका अक्षराला एकेक स्वर मिळतो. इथे ठेक्याने भाषेला वाकवले आहे, आणि तरी अर्थ सुटत नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या, जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाढलेल्या गायिकेलाच हे इतक्या सहजपणे जमले. 1999 चा ‘फर्स्ट लव्ह’ 76 लाखांहून अधिक खपला आणि जपानमधील सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला.

यानंतरचा मोठा बदल घरातल्या संगणकावर झाला. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने 2007 मध्ये ‘हात्सुने मिकू’ हे गाणारे सॉफ्टवेअर आणले आणि गायक नसलेल्या तरुणांनाही गाणे पूर्ण करून निकोनिको या व्हिडिओ संकेतस्थळावर मांडता आले. तोकुशिमाचे योनेझु केन्शी तिथे ‘हाची’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि 2012 मध्ये ‘डायोरामा’ अल्बमपासून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात गाऊ लागले. आधी ‘हाची’ची दोन गाणी आणि मग 2018 चे ‘लेमन’ ऐकावे. यंत्राच्या गळ्यासाठी लिहिण्याच्या सवयीतून आलेल्या मोठ्या उड्या आणि दाट शब्द ‘लेमन’मध्ये निवळले आहेत. हे गाणे लिहीत असतानाच त्यांचे आजोबा वारले होते.

फुजिई काझे यांच्याशी आपला धागा थेट जुळतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून उभे राहिले, त्याच प्रांतातल्या सातोशो या लहान गावचे ते. बाराव्या वर्षापासून पियानोवर गाणी वाजवून यूट्यूबवर टाकत ते मोठे झाले, आणि स्वतःच्या गाण्यांत त्यांनी ओकायामाची बोली बिनदिक्कत वापरली. ‘हेल्प एव्हर हर्ट नेव्हर’ (2020) आणि ‘लव्ह ऑल सर्व्ह ऑल’ (2022) ही त्यांच्या अल्बमांची नावे पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांची वचने आहेत, आणि ‘ग्रेस’चे चित्रीकरण भारतात झाले. पहिल्या अल्बममधले ‘शिनुनोगा ई-वा’ दोन वर्षांनी, कोणत्याही जाहिरातीशिवाय, जगभर पसरले.

शोध घेताना काही व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्यात. जपानी नावात आडनाव आधी येते, ॲपवर मात्र बहुधा उलट क्रम असतो. दोन्ही प्रकारे शोधावे. अराई आणि मात्सुतोया या नावांखाली युमी यांचे काम स्वतंत्र पानांवर विखुरलेले असते, आणि इतरांसाठी चाली देताना त्या कुरेता कारुहो हे टोपणनाव वापरतात. मात्सुदा सेइको यांचे 1982 चे ‘आकाई स्वीटपी’ त्याच नावाने आहे. यामाशिता यांनी आपले संगीत स्ट्रीमिंगवर देण्यास नकार दिला आहे आणि नाकाजिमा यांचेही सगळे तिथे मिळत नाही, तेव्हा सीडीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत.

भाषांतर पहिल्या ऐकण्याला हाती घेऊ नये. दुसऱ्या वेळी घ्यावे, आणि तिसऱ्या वेळी रोमन लिपीतले मूळ शब्द समोर ठेवून, शब्द कुठे तोडला आहे आणि कुठे लांबवला आहे, यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात. जपानी शिकणाऱ्यांनी इथे ‘कासा गा नाई’पासूनच आरंभ करावा, त्यातली वाक्ये साधी आहेत, शब्द रोजचे आहेत आणि योसुई प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतात.