जळगाव ते गुलमर्ग: स्कीइंगच्या सहलीचा कार्बन कसा मोजायचा आणि कुठे कमी करायचा

जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात कोरडे होते. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. ज्या बर्फासाठी आपण खान्देशातून इतक्या लांब जातो, त्याच्या मुळावर आपलाच धूर येतोय. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारहून गट नेणाऱ्यांनी पैशांच्या हिशेबाशेजारीच कार्बनचाही हिशेब ठेवावा. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. एक वही, मीटरचे फोटो आणि डिझेलची बिलं पुरतात.

आधी हद्द ठरवा

हिशेब घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत धरा. "काश्मीरमध्ये उतरल्यापासून" धरलात, तर सगळ्यात मोठा आकडाच बाहेर राहतो. वहीत चार रकाने आखा: काय वापरलं, किती, गुणांक, किलो कार्बन डायऑक्साइड. गुणांक म्हणजे एका लिटर, युनिट किंवा टाकीमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो आकडा. तो असा घ्या: डिझेल लिटरला 2.68, पेट्रोल लिटरला 2.31, विजेच्या एका युनिटला सुमारे 0.7. घरगुती गॅसची 14.2 किलोची टाकी संपली की 42 किलो, हॉटेलची 19 किलोची संपली की 57 किलो. देशांतर्गत विमानाला माणशी किलोमीटरमागे 120 ग्रॅम, तर लांब पल्ल्याच्या रेल्वेला सरासरी 8 ग्रॅम. थ्री-टायर एसीत डब्यामागे बर्थ कमी आणि वातानुकूलनाची वीज जास्त, म्हणून तिथे आपण 12 ग्रॅम धरू.

काश्मीरची वीज पाण्यावरची, म्हणजे शून्य कार्बन, असं समजून पुष्कळजण तो रकाना मोकळा सोडतात. ते चूक आहे. देशाची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, एकच आहे आणि हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटलं की बाहेरून वीज आणावी लागते. तेव्हा देशाचा गुणांकच लावा.

नोंदी कशा घ्यायच्या

गाडीचा हिशेब किलोमीटरवरून न करता लिटरवरून करा. टेम्पो ट्रॅव्हलर सपाटीवर लिटरला 9-10 किलोमीटर देते, पण घाटात, बर्फासाठी चाकांना चेन लावून आणि हीटर चालू ठेवून तीच 7 वर येते. निघताना टाकी काठोकाठ भरून घ्या, शेवटी परत काठोकाठ भरा. शेवटच्या बिलावरचे लिटर, अधिक मधल्या बिलांचे, एवढं जळालं. गाडी श्रीनगरहून रिकामी आली किंवा रिकामी परत गेली, तर ते डिझेलही तुमच्याच नावावर. लिटर आणि किलोमीटर दोन्हीवरून हिशेब करून त्यांची बेरीज मात्र करू नका. आकडा दुप्पट होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

हॉटेलात पोहोचल्यावर आणि निघताना सबमीटरचा, म्हणजे खोल्यांच्या वेगळ्या वीजमीटरचा, फोटो काढा. सबमीटर नसेल, तर प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले तास, भागिले हजार, असे युनिट काढा. वीज गेली की किती वाजता गेली आणि कधी आली ते लिहा. जनरेटर एका लिटरमध्ये साधारण 3 युनिट देतो, म्हणून त्या वेळेला 0.7 ऐवजी 0.9 लावायचा.

बारा जणांचं उदाहरण

सहा खोल्या, गुलमर्गला चार रात्री. जळगाव ते जम्मू रेल्वेने सुमारे 1,700 किलोमीटर, पुढे कटरामार्गे श्रीनगर अंदाजे 270. जाऊन-येऊन 3,940 किलोमीटर, गुणिले 12 माणसं, गुणिले 12 ग्रॅम: जवळपास 570 किलो. श्रीनगर-गुलमर्ग आणि तिथलं फिरणं मिळून 350 किलोमीटर, म्हणजे 50 लिटर डिझेल, 134 किलो. खोलीत 2 किलोवॉटचा हीटर 10 तास, गिझर दीड तास, दिवे वगैरे मिळून रात्रीला 24 युनिट, म्हणजे चोवीस खोली-रात्रींचे 403 किलो. स्वयंपाकाला गॅसच्या दोन टाक्या, सुमारे 85.

गंडोल्याबद्दल, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेबद्दल, उगाच धास्ती असते. 80 किलोचा माणूस गुलमर्गच्या 2,650 मीटरवरून अफरवट डोंगरावरच्या 3,950 मीटरपर्यंत उचलायला निव्वळ 0.28 युनिट ऊर्जा लागते. यंत्रणेतली तूट धरून एक युनिट मोजलं, तरी चार फेऱ्यांचे बारा जणांचे 34 किलोच होतात.

एकूण 1,226 किलो, माणशी 102.

हाच गट रेल्वेने मुंबईला जाऊन तिथून विमानाने श्रीनगरला गेला, तर मुंबईपर्यंतचे 121 आणि विमानाचे 4,810 किलो. बाकी तेच. एकूण 5,587, माणशी 466. यात विमानाने उंचावर सोडलेल्या वाफेचा आणि इतर वायूंचा जादा तापपरिणाम धरलेला नाही. तो धरायचा असेल तर विमानाच्या आकड्याला 1.9 ने गुणा आणि तसं वहीत स्पष्ट लिहा.

कुठे हात घालायचा

सगळ्यात आधी प्रवासाला. झेलम एक्सप्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून थेट जम्मूला जाते. धुळेकरांनी चाळीसगाव गाठावं, नंदुरबारकरांनी ताप्ती मार्गाने भुसावळ. कटरा-श्रीनगर वंदे भारत जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून जम्मूच्या पुढचा घाटही रेल्वेने ओलांडता येतो. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी तिकीट काढा.

बेत फसतो तो धुक्याने. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पुढे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, कटऱ्याची गाडी चुकते, मग गट घाईघाईने जम्मूहून टॅक्सी करतो किंवा विमानाचं तिकीट काढतो. वाचवलेलं सगळं एका दुपारी जातं. म्हणून जम्मूला किंवा कटऱ्याला एक मुक्काम मोकळा ठेवाच. सुटी कमी असेल, तर जाताना रेल्वे आणि येताना विमान करा. तेवढ्यानेही दोन्हीकडच्या विमानापेक्षा जवळपास चाळीस टक्के वाचतं. दोन वर्षांत दोन छोट्या सहली करण्यापेक्षा एकदाच आठ दिवस राहणं कधीही चांगलं.

दुसरा नंबर हीटरचा. रात्रभर चालणारा हीटर आठ तासांत 16 युनिट खातो, तर 100 वॉटचं गरम ब्लँकेट तेवढ्याच वेळात 0.8. संध्याकाळी तीन तास हीटर आणि झोपताना दोन ब्लँकेट असं ठेवलं, तर खोलीची रात्र 24 वरून 11.6 युनिटवर येते आणि गटाचे 208 किलो वाचतात. खोली ठरवतानाच "गरम ब्लँकेट आहे का, खिडकीला दुहेरी काच आहे का" हे विचारा. वीज वाचवायची म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

स्वयंपाकी सोबत नेत असाल, तर गुलमर्गला पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं हे त्याला आधी सांगा. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस जळत राहतो. डाळ दोन तास भिजवा, खिचडी कुकरलाच लावा. कळण्याचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, रात्री भाकरी-चटणीवर भागतं.

स्की, बूट, जाड जॅकेट तिथेच भाड्याने घ्या.

झाडं लावणार असाल तर जरूर लावा, पण ती या बेरजेतून वजा करू नका. त्यांचा रकाना वेगळा. रोप जगलं का, हे तीन उन्हाळ्यांनंतर पाहून मगच त्यात लिहा.